रोजगाराचं आश्वासन आणि बिलामागचं चलन

माझ्याकडे सात पत्रकं जमली आहेत. पाच आमच्या प्रभागातल्या उमेदवारांची, दोन नगराध्यक्षपदाच्या. प्रचार सुरू झाल्यापासून दारात आलेला एकही कागद मी रद्दीत टाकलेला नाही. काल रात्री सगळी ओळीनं मांडली आणि लाल पेन घेऊन वाचायला बसले. नगरपालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा लेखापाल म्हणून. कागद समोर आला की आधी आकडा शोधायचा आणि मग तो पैसा कुठल्या लेखाशीर्षातून जाणार ते बघायचं, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटलेली नाही.

सातही पत्रकांत रोजगार पहिल्या तीन मुद्द्यांत आहे. पाच जण एमआयडीसी आणणार आहेत. दोघं आयटी पार्क उभारणार आहेत. एकानं ‘प्रभागातल्या प्रत्येक घरात एक नोकरी’ असं ठळक टाइपात छापलंय. रोजगार मेळावा तर जवळजवळ सगळेच घेणार आहेत. पण ‘ठेका’ हा शब्द एकाही पत्रकात नाही. ‘फेरीवाला’ नाही. ‘किमान वेतन’ नाही. ते बघून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

२ डिसेंबर २०२५ ला राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी मतदान जाहीर झालं आहे. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, मुदत संपलेल्या पालिकांच्या निवडणुका लांबत गेल्या, आणि शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या घ्यायला सांगितल्या. तोवर आमच्याकडे प्रशासकच होता. नोकरीचं शेवटचं वर्ष मी त्याच काळात काढलं. फाइल यायची, टिपणी लागायची, सही व्हायची, पुढे जायची. हा ठेका एवढ्या कमी दरात कसा परवडतो, असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस इमारतीत नव्हता. त्यामुळे यंदा मला तीन मतं द्यायची आहेत, एक नगराध्यक्षाचं आणि दोन प्रभागातल्या सदस्यांची, ती मी फार जपून देणार आहे.

एमआयडीसीचं आधी सांगून टाकते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि ते राज्य सरकारचं आहे. जमीन कुठे घ्यायची, भूखंड कुणाला द्यायचा, हे तिथे ठरतं. कारखान्याला मिळणाऱ्या सवलती राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून येतात. पालिकेनं ठराव केला तरी तो विनंतीअर्ज असतो. नगरसेवकानं पाठपुरावा जरूर करावा, पण एमआयडीसीच्या नावावर पालिकेचं मत मागणं म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीवर चेक फाडणं.

पालिकेतल्या नोकरीचंही तसंच. लेखापाल, अभियंता, कर निरीक्षक ही राज्य संवर्गातली पदं. २०२३ मध्ये अशा १,७८२ पदांची जाहिरात निघाली ती नगर परिषद प्रशासन संचालनालयाची. सगळ्या राज्यातल्या मुलांनी परीक्षा दिली. किती पदं ठेवायची तो आकृतिबंध राज्य मंजूर करतं. सफाई कामगारांच्या वारसांना नेमणूक मिळते ती लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे. यात कुठल्याही नगरसेवकाला ‘मी लावून देतो’ म्हणायला जागाच नाही. त्या तीन शब्दांवर विश्वास ठेवून दागिने मोडलेली एक आई माझ्या टेबलासमोर बसून रडली होती. तिच्या मुलाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, आणि पैसे घेणारा फोन उचलत नव्हता. ‘प्रत्येक घरात एक नोकरी’ वाचलं आणि मला तीच आठवली.

मग पालिकेच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनं, १९९२ साली, बारावी अनुसूची आली. नागरी संस्थांकडे सोपवायच्या अठरा विषयांची ती यादी. त्यात ‘आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन’ आहे, ‘नागरी दारिद्र्य निर्मूलन’ आहे. पण मी कायद्याच्या पुस्तकातून बोलत नाहीये, रोकडवहीतून बोलतेय. छोट्या गावात नगरपालिका ही सगळ्यात मोठ्या मालकांपैकी एक असते. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक असते. बाजारातल्या गाळ्यांची घरमालकीण तीच, आणि रस्त्यावर पोट भरणाऱ्याला बसू द्यायचं की उठवायचं हेही तीच ठरवते. गावातल्या शेकडो घरांची चूल पालिकेच्या एकेका सहीवर अवलंबून असते. ती सही मी रोज केली आहे.

त्यातली एक सही मला अजून टोचते.

साफसफाईच्या ठेक्याचं मासिक बिल माझ्याकडे यायचं. त्यामागे कागद लावलेले असायचे: हजेरीपत्रक, स्वच्छता निरीक्षकाचा दाखला, पगार बँकेत जमा केल्याची यादी आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याचं चलन. कामगाराच्या पगारातून १२ टक्के कापायचे, तेवढेच मालकानं घालायचे, आणि पुढच्या महिन्यात भरायचे. चलन जोडलेलं आहे का, एवढं बघून मी बिल पास करायचे. रक्कम भरपूर दिसायची. समाधान वाटायचं.

एके दिवशी दुपारी झाडूवाल्या बायकांपैकी एक माझ्याकडे आली. सहा वर्षं आमच्या मुख्य रस्त्यावर झाडू मारत होती. नवरा आजारी, दवाखान्यासाठी पीएफमधून पैसे काढायचे होते. “मॅडम, माझं खातं बघता का? मुकादम म्हणतो सगळं भरलंय.” तिच्या मुलानं मोबाइलवर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, काढून दिला होता. आम्ही दोघींनी मिळून पासबुक उघडलं. सहा वर्षांतल्या फक्त चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या. बाकी कोरं.

मी जुनी बिलं काढायला लावली. प्रत्येकाला चलन होतं, ते खरं होतं, शिक्काही बरोबर. मग चलनामागची नावांची यादी काढली, जी मी कधी उलटून पाहिली नव्हती. ठेकेदाराची इतरही गावांत कामं होती. एकाच चलनात सगळीकडची माणसं होती, आणि तेच चलन तो प्रत्येक पालिकेच्या बिलाला लावत होता. रक्कम मोठी दिसत होती ती त्यामुळे. आमच्या गावच्या एक्केचाळीस कामगारांपैकी त्या महिन्याच्या यादीत नऊ जणांची नावं सापडली. हिचं नव्हतं.

ती काही बोलली नाही. पदराच्या टोकाला बांधलेली कागदाची घडी उलगडली, त्यावरचा नंबर परत एकदा स्क्रीनशी ताडून पाहिला, घडी पुन्हा बांधली आणि उठली. त्या बिलांवर माझी सही होती.

त्यानंतर मी एक नियम केला. यादीवर आमच्या प्रत्येक कामगाराच्या नावापुढे टिकमार्क झाल्याशिवाय बिल पुढे सरकायचं नाही. दोन महिने ठेकेदार माझ्या नावानं ओरडला, एका पुढाऱ्याचा फोनही आला. तिसऱ्या महिन्यापासून नावं यायला लागली. खर्च शून्य. नवा अधिकार कुणी दिला नव्हता, जो होता तोच वापरला. ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तेव्हाच्या १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं, आणि इथे मूळ मालक म्हणजे नगरपालिका. मागचं बुडालेलं मात्र सगळं वसूल झालं नाही.

यातली खरी मेख निविदेत असते. किमान वेतनावरचा विशेष भत्ता राज्य सरकार दर सहा महिन्यांनी बदलतं. ठेका असतो दोन-तीन वर्षांचा. ज्यानं अंदाजपत्रकापेक्षा खूप खालचा दर भरून ठेका घेतला, त्याला तो भत्ता परवडणारच नसतो. मग तो माणसं कमी करतो, किंवा हजेरी लावतो चाळीस जणांची आणि कामावर असतात पंचवीस, किंवा पीएफ खातो. आपण म्हणतो पालिकेचे पैसे वाचले. ते कुणाच्या ताटातून वाचले ते कुणी बघत नाही. या गोष्टी सर्वसाधारण सभेत विचारता येतात. एक नगरसेवक उभा राहिला आणि ‘मजुरीचा खर्च किमान वेतनानं काढल्यावर हा दर बसतो का, ते वाचून दाखवा’ म्हणाला, तरी पुरे. एकतीस वर्षांत हा प्रश्न मी दोनदा ऐकला. दोन्ही वेळा एकाच बाईंनी विचारला होता.

आता रस्त्यावरच्या माणसांकडे येते, कारण आमच्या गावात स्वतःच्या जिवावर कमावणारा सगळ्यात मोठा गट तोच. हातगाडीवाले, टोपलीवाल्या, चपला शिवणारे, संध्याकाळी चौकात कपडे मांडणारे. त्यांच्यासाठी २०१४ साली संसदेनं पथविक्रेता कायदा केला. पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करायचं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची. नाशवंत माल त्याच दिवशी सोडवायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश महिला.

कायदा एवढा चांगला आहे की वाचताना मला भरून येतं. आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी अतिक्रमण विभागाची गाडी येते तेव्हा कुणीही यादी देत नाही. वजनकाटा गाडीत जातो. पालेभाजीच्या जुड्या गाडीत जातात. संध्याकाळपर्यंत त्या सुकतात, आणि सुकलेली भाजी सोडवायला दंड भरून कोण जाईल?

जून २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज १० हजारांचं. २०२५ मध्ये ते १५ हजारांवर गेलं. बँक कर्ज देते, पण त्याआधी विक्रेत्याकडे पालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागतं. म्हणजे किल्ली पालिकेकडेच. सर्वेक्षणात जो सुटला, सकाळी मोजायला माणसं आली तेव्हा जो माल आणायला गेला होता, त्याला शिफारसपत्रासाठी चकरा माराव्या लागतात. एक चक्कर म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई. समिती वेळेवर नेमू, वर्षातून इतक्या बैठका घेऊ, शिफारसपत्र आठ दिवसांत देऊ, असं लिहिणाऱ्या उमेदवाराला मी घरी बोलावून चहा पाजीन.

याच बाजारात दररोजच्या बाजार फीचा ठेका असतो. त्याचा दर पालिका ठरवते, तो फलकावर लावायचा असतो. फलक नसला की वसुली करणारा तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि पावती कमी रकमेची फाडतो. बाजाराच्या तोंडाशी दराचा एक पत्रा लावायला किती पैसे लागतात? तरीही तो लावणं ज्यांना परवडत नाही, ते आयटी पार्कबद्दल बोलतात.

गाळ्यांबद्दल थोडक्यात. पालिकेचे गाळे लिलावात ज्यांनी घेतले, त्यातले बरेच स्वतः तिथे बसत नाहीत. पालिकेला नाममात्र भाडं भरतात आणि वरच्या भाड्यानं दुसऱ्याला देतात. नवीन धंदा सुरू करणाऱ्या मुलीला ते वरचं भाडं भरावं लागतं. कुठल्या गाळ्यात करारनाम्यावरचं नाव आणि बसणारा माणूस वेगळा आहे, हे बघायला एक दुपार पुरते. मात्र ती दुपार काढायची म्हणजे गावातल्या बड्या माणसांना दुखवायचं, म्हणून ती निघत नाही.

खरेदीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. पालिका दरवर्षी गटारं बांधते, दिवे बसवते, बाकडी, पाइप, रंग विकत घेते. मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्यासाठी छोटी कामं राखून ठेवण्याची पद्धत आपल्या राज्यात आहे. गावातली डिप्लोमा, डिग्री झालेली पोरं यातून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पहिलं काम शंभर फुटांच्या गटाराचं, आणि आता स्वतःकडे पंधरा माणसं. पण चार गल्ल्यांतली चार छोटी कामं एकत्र करून एक मोठी निविदा काढली की या पोरांची वाट बंद होते. उलाढालीची आणि अनुभवाची अटच त्यांना बसत नाही. कामांचे तुकडे कुठे करायचे, कुठे जोडायचे, याला तांत्रिक कारणं असतात, ती मला मान्य आहेत. पाण्याची टाकी तुकड्यांत बांधता येत नाही. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता येतो.

आणि पैसे वेळेवर. सूक्ष्म आणि लघु उद्योजकाचा माल घेतला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असा २००६चा कायदा आहे. आमच्याकडे दिवे पुरवणारा एक तरुण होता, त्याचं बिल निधी नाही म्हणून सात महिने पडून होतं. त्या काळात मोठ्या ठेकेदारांची बिलं निघत होती, कारण ते दालनात बसून राहायचे. हा पोरगा यायचा, माझ्या टेबलाशी उभा राहायचा, “मॅडम, या आठवड्यात?” विचारायचा आणि जायचा. आठव्या महिन्यात पैसे मिळाले तोवर त्यानं हाताखालची दोन्ही मुलं कमी केली होती. बिलं आवक क्रमांकानंच निघतील आणि तो क्रम दर महिन्याला फलकावर लागेल, असा ठराव नगरसेवक करू शकतात. त्यानं जेवढे रोजगार टिकतील तेवढे दहा मेळाव्यांनी यायचे नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

महिला व बालकल्याणासाठी पालिकेनं स्वउत्पन्नाच्या ५ टक्के खर्च करायचे असतात. तो पैसा बहुतेक वेळा मार्चमध्ये जागा होतो. घाईघाईत शिवणकामाचा वर्ग, प्रमाणपत्रं, फोटो. वर्ग झालेल्या बायकांना काम कुठून मिळणार? पालिकेच्या शाळांचे गणवेश, सफाई कामगारांचे गणवेश बाहेरगावाहून शिवून येतात. वर्ग इथे आणि ऑर्डर तिथे. एप्रिलमध्येच ठरवलं तर नियमात बसवून त्यातला काही वाटा गावातल्या बचत गटांना देता येतो. मी तशी टिपणी दोनदा ठेवली होती. दोन्हीदा ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ असा शेरा आला.

मंगळवारी संध्याकाळी प्रभागातला सगळ्यात तरुण उमेदवार दारात आला. सोबत सहा-सात पोरं, गळ्यात उपरणी. “मावशी, आशीर्वाद द्या, तुमचं मत हक्काचं समजतो.” मी त्याला आत बसवलं. त्याचंच पत्रक उलटं करून कोऱ्या बाजूला चार प्रश्न लिहून दिले. साफसफाईच्या ठेक्यावर किती माणसं आहेत आणि त्यातल्या किती जणांच्या नावानं पीएफ जातो? पथविक्रेता समितीची शेवटची बैठक कधी झाली? छोट्या पुरवठादारांची किती बिलं ४५ दिवसांवर गेली आहेत? गणवेश कोण शिवतं?

त्यानं कागद दोनदा वाचला. “मावशी, यातलं मला एकही माहीत नाही,” म्हणाला. मला त्याचं ते बोलणं आवडलं. सोबतची पोरं उठायची घाई करत होती, हा बसून राहिला. “माहिती मागवायची कुणाकडे?” मी त्याला विभागांची नावं सांगितली, कुठल्या रजिस्टरला काय असतं ते सांगितलं. त्यानं मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

इतर सहा जणांनाही मी तेच चार प्रश्न पाठवले आहेत, हातानं लिहून, प्रत्येकाच्या प्रचार कार्यालयात नेऊन दिले. एका ठिकाणी कार्यकर्त्यानं ते न वाचता खिशात घातले. नगराध्यक्षपदाच्या एका उमेदवार ताईंनी मात्र फोन केला आणि गणवेशांबद्दल अर्धा तास बोलल्या. त्या स्वतः शिवणकाम करून मुलांना वाढवलेल्या आहेत. एका गणवेशाला किती कापड लागतं, दिवसात किती शिवून होतात, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कळत होतं. पत्रकात यातलं काही का नाही, विचारलं तर म्हणाल्या, “छापणाऱ्यांनी एमआयडीसी घाला म्हणून सांगितलं.”

काल रात्री साडेनऊला त्या तरुण उमेदवाराचा फोन आला. सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन आला होता. तिथे तीन जणांची पासबुकं त्यानं मोबाइलवर उघडून पाहिली. “मावशी, दोघांच्या नोंदी एप्रिलपासून बंद आहेत. बिलाला जोडलेल्या यादीची प्रत मिळवायची तर अर्जात नेमकं काय लिहू?”

मी चष्मा शोधला आणि त्याला मजकूर सांगायला लागले. आज २३ तारीख आहे. बाकीच्या पाच जणांची वाट बघतेय.